नकुशा (स्त्रीनाम)

नकुशा हे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः पश्चिम महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्यात आढळणारे एक विरळ स्त्रीनाम आहे. नकुसा, नकुशी आणि नकोशी ही त्याची अन्य रूपे होत. ‘नको असलेली’ असा या नावाचा सरळ अर्थ आहे. मुलाची अपेक्षा असताना लागोपाठ मुली झालेल्या कुटुंबांत पाठच्या मुलीला हे नाव दिले जात असे. असे नाव ठेवले की मुलींची रांग थांबते आणि पुढच्या खेपेस मुलगा होतो, अशी समजूत त्यामागे होती. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे झालेल्या एका कार्यक्रमात हे नाव असलेल्या २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्यानंतर या नावाची चर्चा महाराष्ट्राबाहेर आणि परदेशांतही झाली.

व्युत्पत्ती आणि अर्थ

‘नको’ हा मराठीतील नकारदर्शक शब्द दोन प्रकारे वापरला जातो. ‘जाऊ नको’ या प्रयोगात तो निषेध किंवा मनाई दर्शवतो, तर ‘मला चहा नको’ या प्रयोगात एखाद्या वस्तूविषयीची अनिच्छा दर्शवतो. नकुशा हे नाव दुसऱ्या अर्थाशी निगडित आहे. ‘नको’ या शब्दाला ‘सा’ हा प्रत्यय लागून ‘नकोसा’ हे विशेषण तयार होते. ‘हवासा’, ‘मोठासा’, ‘छोटासा’ ही त्याच घडणीची विशेषणे आहेत. ‘असा–अशी’, ‘कसा–कशी’ यांप्रमाणेच स्त्रीलिंगी रूपात ‘सा’चा ‘शी’ होतो. त्यामुळे ‘नकोशी’ हे व्याकरणदृष्ट्या नियमित स्त्रीलिंगी रूप ठरते.

पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीत ‘नको’चा उच्चार ‘नकू’ असाही होतो. ‘नकुशी’ आणि ‘नकुसा’ ही रूपे या उच्चारातून आली आहेत. ‘नकुशा’ या रूपात स्त्रीलिंगी ‘शी’मधील ‘श’ कायम राहून शेवटी ‘आ’ आलेला दिसतो. उषा, मनीषा, आशा यांसारख्या आकारान्त स्त्रीनामांच्या वळणावर हे रूप घडले असावे. एकाच मुलीचे नाव निरनिराळ्या कागदपत्रांत नकुसा, नकुशा, नकुशी अशा भिन्न रीतींनी लिहिलेले असू शकते. वयस्क स्त्रियांच्या बाबतीत नावापुढे ‘बाई’ लागून ‘नकुसाबाई’ असे रूप होते.

नामकरणाची परंपरा आणि हा अपवाद

महाराष्ट्रात बाळाचे बारसे सामान्यतः जन्मानंतर बाराव्या दिवशी होते. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि मग ते सर्वांसमोर उच्चारले जाते. नाव शुभ असावे, असा परंपरेचा आग्रह आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव उच्चारास सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मन प्रसन्न करणारे, मंगलसूचक, दीर्घ स्वरान्त आणि आशीर्वादाचा आशय असणारे असावे, असे सांगितले आहे. नकुशा हे नाव उच्चारास सोपे, स्पष्ट अर्थाचे आणि दीर्घ स्वरान्त आहे. परंतु मंगल आणि आशीर्वाद या दोन्ही कसोट्यांवर ते नेमके उलट ठरते. मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे नामकरण करणे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. नकुशा या नावात या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात.

दगडू, धोंडू, केरबा या नावांहून वेगळेपण

अप्रिय अर्थाची नावे मराठी समाजाला अपरिचित नाहीत. दगडू, केरबा, उकिरडा, भिका ही नावे जुन्या पिढीत आढळतात. धोंडू हे नावही पुष्कळदा याच वर्गात मोडते; मात्र धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात, जन्मलेल्या मुलालाही ते दिले जाते. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात नंतर जन्मलेल्या बाळाला मुद्दाम असे तुच्छ नाव देत. दगडाला किंवा केराला कोणी दृष्ट लावत नाही, मृत्यूचेही त्याच्याकडे लक्ष जात नाही, अशी ती कल्पना होती. म्हणजेच नाव तुच्छ असले, तरी मूल अत्यंत हवेसे असे आणि त्या नावाने त्याचे रक्षण व्हावे अशी इच्छा असे.

नकुशा हे नाव वरवर पाहता याच वर्गातील वाटते. परंतु त्याचा हेतू भिन्न आहे. येथे नावाचा लाभ ते नाव धारण करणाऱ्या मुलीला मिळावा अशी अपेक्षा नसते. तो अद्याप न जन्मलेल्या भावाला मिळावा, अशी असते. नाव मुलीचे असले, तरी त्यातील निरोप दैवासाठी असतो: मुली पुरे झाल्या, आता मुलगा दे. त्यामुळे दगडू हे रक्षणासाठीचे नाव, तर नकुशा हे नकारासाठीचे नाव, असा भेद करता येतो. पहिल्या प्रकारचे नाव मोठेपणी सहज थट्टेवारी नेता येते. दुसऱ्या प्रकारात ते ज्याला कळते, त्याला आपल्या जन्माविषयी घरच्यांचे मत कळते.

समजूत टिकून राहण्याची कारणे

अपत्याचे लिंग गर्भधारणेच्या क्षणी ठरते. स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्र असते, तर शुक्राणूत एक्स किंवा वाय यांपैकी एक असते. शुक्राणूतून एक्स आल्यास मुलगी आणि वाय आल्यास मुलगा होतो. आधीच्या अपत्याच्या नावाचा याच्याशी कोणताही संबंध नसतो. मुली झाल्याबद्दल आईला दिला जाणारा दोषही या दृष्टीने निराधार आहे.

तरीही ही समजूत अनेक पिढ्या टिकली. निसर्गतः दर १०० मुलींमागे साधारणपणे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे घरातील धाकट्या मुलीचे नाव नकुशा असो वा लक्ष्मी, पुढील अपत्य मुलगा असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिकच असते. ज्या घरी नकुशाच्या पाठीवर मुलगा झाला, त्या घराचा दाखला पंचक्रोशीत दिला जाई. जिथे पुन्हा मुलगीच झाली, तिथे नावाचा गुण आला नाही याची आठवण कोणी ठेवत नसे. अनुकूल उदाहरणे लक्षात ठेवायची आणि प्रतिकूल विसरायची, या सार्वत्रिक मानवी सवयीमुळे योगायोगाला उपायाचे रूप मिळाले.

समजुतीच्या मुळाशी असलेली मुलाची ओढ मात्र केवळ अज्ञानातून आलेली नाही. वृद्धापकाळातील आधार, जमिनीचा वारसा, वंशाचे नाव, अंत्यविधीचा अधिकार आणि मुलीच्या लग्नातील हुंड्याचा भार ही त्यामागील ठोस सामाजिक कारणे होती. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ मध्ये झाला. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि २००५ मध्ये ती देशभर लागू झाली. कायदा बदलला, तरी व्यवहारात बहिणीने हक्कसोड करून द्यावे ही अपेक्षा अनेक ठिकाणी टिकून आहे.

अन्य भाषांतील समांतर नावे

मुलींचा जन्म थांबावा किंवा मुलगा व्हावा या हेतूने ठेवलेली नावे इतर समाजांतही आढळतात. त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार थेट नकाराचा. मराठीतील नकुशा आणि तमिळमधील ‘वेंडाम’ (नको) ही नावे या प्रकारातील आहेत.

दुसरा प्रकार ‘आता पुरे’ असे सांगणारा. तमिळमधील ‘पोदुम्पोण्णु’ (मुली पुरे), हरियाणातील ‘भतेरी’ (पुष्कळ झाल्या), राजस्थानातील ‘धापू’ (तृप्त झालो) आणि बंगालीतील ‘क्षान्तमणी’ ही त्याची उदाहरणे होत. बंगालीतीलच ‘आन्नाकाली’ हे नाव ‘आर ना, काली’ म्हणजे ‘आणखी नको, कालीमाते’ या विनवणीचा संक्षेप आहे. जपानमधील ‘तोमे’ (थांबव) आणि ‘सुए’ (शेवट) या जुन्या नावांतही अपत्यजन्म आता थांबावा असा भाव असे; मात्र तेथे रोख मुलींवरच असे, असे नाही.

तिसरा प्रकार मुलाला बोलावणाऱ्या नावांचा. चिनी भाषेतील ‘चाओदी’ (धाकट्या भावाला बोलाव) आणि ‘लायदी’ (धाकटा भाऊ येवो) तसेच कोरियन भाषेतील ‘हुनाम’ (पाठीवर मुलगा) ही नावे त्यात येतात.

या सर्वांमागील विचार एकच असला, तरी मराठी नावाचा अर्थ अगदी उघड आहे. ‘धापू’ किंवा ‘क्षान्तमणी’ यांचा मूळ हेतू ऐकणाऱ्याला कदाचित जाणवणार नाही. ‘नकुशा’चा अर्थ मात्र मराठी बोलणाऱ्या लहान मुलालाही समजतो. शाळेत हजेरी घेताना, दवाखान्यात नाव पुकारताना किंवा मैत्रिणी हाक मारत असताना तो अर्थ दररोज पुन्हा उच्चारला जातो.

साताऱ्यातील नामांतर

सातारा जिल्ह्यात हे नाव असलेल्या मुलींचा शोध घेऊन त्यांना नवे नाव देण्याचा उपक्रम जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेच्या पुढाकाराने राबवण्यात आला. २२ ऑक्टोबर २०११ रोजी झालेल्या कार्यक्रमात २८५ मुलींना नव्या नावाची प्रमाणपत्रे देण्यात आली. ऐश्वर्या, सावित्री, वैशाली यांसारखी नावे मुलींनी स्वीकारली. बारशाच्या वेळी नाव इतरांनी ठरवलेले असते. या मुलींना मात्र स्वतःचे नाव निवडण्याची संधी मिळाली, हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य होय.

त्यापूर्वीच्या पिढ्यांतील स्त्रियांना हे नाव टाकण्याची संधी बहुधा एकदाच मिळे, ती म्हणजे लग्नात. महाराष्ट्रातील अनेक समाजांत विवाहप्रसंगी ताटातील तांदळावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची प्रथा आहे. मुलीची माहेरची ओळख पुसणारी प्रथा म्हणून तिच्यावर टीका होते. नकुशाच्या बाबतीत मात्र हीच प्रथा तिला अपमानास्पद नावापासून मुक्त करू शकत होती. अर्थात ते नावही तिने स्वतः निवडलेले नसे.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार बाळाची नोंद नावाशिवाय करता येते आणि नाव नंतर नोंदवता येते. एकदा नोंदवलेले नाव बदलण्यासाठी सामान्यतः शासकीय राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते आणि त्यानंतर शाळेचे दाखले, शिधापत्रिका, आधार इत्यादींमध्ये बदल करून घ्यावे लागतात. कागदावरील नाव असे बदलता येते. घरातील आणि गावातील तोंडवळणी पडलेली हाक बदलण्यासाठी मात्र कुटुंबाने व शेजाऱ्यांनी ते नवे नाव जाणीवपूर्वक वापरावे लागते.

नावाची विरळता आणि बालिकांचे प्रमाण

नव्या पिढीत नकुशा हे नाव क्वचितच ठेवले जाते. शिक्षणाचा प्रसार, लहान कुटुंबे आणि नावाच्या अर्थाविषयीची जाणीव ही त्याची स्वागतार्ह कारणे होत. तथापि नाव विरळ झाले म्हणजे त्यामागील वृत्ती नाहीशी झाली, असा निष्कर्ष काढता येत नाही.

महाराष्ट्रात ० ते ६ वर्षे वयोगटात दर १००० मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ च्या जनगणनेत ९४६ होते. ते २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरले. याच काळात देशाचे प्रमाण ९४५ वरून ९२७ आणि पुढे ९१९ झाले. म्हणजे १९९१ मध्ये देशाच्या बरोबरीने असलेला महाराष्ट्र २० वर्षांत देशाच्या बराच मागे पडला. गर्भलिंगचाचणीचा गैरवापर हे या घसरणीचे प्रमुख कारण मानले जाते. अशा चाचण्यांना आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला.

या आकड्यांच्या संदर्भात नकुशा या नावाला वेगळा अर्थ प्राप्त होतो. ज्या काळात गर्भाचे लिंग कळण्याचे साधन नव्हते, त्या काळात नको असलेली मुलगीही जन्माला येत असे आणि नकार तिच्या नावात उतरत असे. सोनोग्राफीचे तंत्र हाती आल्यानंतर तोच नकार जन्माआधी अमलात आणणे शक्य झाले. अशा मुलीला वाईट नाव मिळत नाही, कारण तिला कोणतेच नाव मिळत नाही. म्हणून या नावाच्या लोपाचा विचार करताना त्याच्या जोडीने बालिकांच्या प्रमाणातील वाढ किंवा घट पाहणे आवश्यक ठरते.

लोकप्रिय माध्यमांत

कलर्स वाहिनीवर २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘लागी तुझसे लगन’ या हिंदी मालिकेतील नायिकेचे नाव नकुशा होते. स्टार प्रवाह वाहिनीवर २०१६ मध्ये ‘नकुशी... तरीही हवीहवीशी!’ ही मराठी मालिका सुरू झाली. तिच्या शीर्षकात ‘नकोसा’ आणि ‘हवासा’ ही एकाच घडणीची दोन विरुद्धार्थी विशेषणे शेजारी ठेवलेली आहेत. मराठीत दोन्ही शब्द तितकेच सहज घडतात. मात्र ‘हवीशी’ हे मुलीचे नाव म्हणून रूढ झाले नाही.