हिप्पींची प्रतिसंस्कृती आणि तिचे लोकप्रिय रूप

हिप्पी चळवळीचा लोकप्रिय संस्कृतीवर काय परिणाम झाला, ह्या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः दोन प्रकारे दिले जाते. एका मतानुसार ही मुळात निर्मळ बंडखोरी होती व पुढे बाजाराने तिला गिळंकृत केले. दुसरे मत टॉमस फ्रँक ह्यांनी १९९७ साली ‘द काँक्वेस्ट ऑफ कूल’ ह्या ग्रंथात मांडले. अमेरिकेतील जाहिरातव्यवसाय हिप्पींच्या उदयापूर्वीच आपल्या ठराविकपणाला कंटाळला होता आणि तरुणांच्या बंडात त्याला स्वतःचेच प्रतिबिंब दिसले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि हिप्पी जीवनाची कोणती अंगे जगभर पसरली आणि कोणती जागच्या जागी विरून गेली, ह्या प्रश्नाला ही मते पुरेसा हात घालीत नाहीत. त्याकरिता सान फ्रान्सिस्को शहरातील हेट-अ‍ॅशबरी ह्या वस्तीचा १९६५ ते १९६७ हा अल्पकाळ तपासून पाहणे उपयुक्त ठरते.

गोल्डन गेट पार्कच्या पूर्वेस वसलेल्या ह्या भागात व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मोठमोठी लाकडी घरे होती आणि त्यांचे भाडे बेताचे होते. एकेका घरात अनेकांनी मिळून राहावे, हा प्रकार तत्त्वज्ञानापेक्षा प्रथम काटकसरीतून आला. ‘हिप्पी’ हे नाव तर ह्या तरुणांनी स्वतः घेतलेलेही नव्हते. सप्टेंबर १९६५ मध्ये ‘सान फ्रान्सिस्को एक्झॅमिनर’चे वार्ताहर मायकेल फॅलन ह्यांनी तेथील नव्या मंडळींविषयी लिहिताना ते वापरले आणि पुढे वृत्तपत्रांनी ते रूढ केले. म्हणजे प्रसिद्धिमाध्यमांचा ह्या चळवळीशी संबंध तिच्या नामकरणापासूनच आहे.

व्यापाराचीही तीच गोष्ट. जानेवारी १९६६ मध्ये हेट रस्त्यावर ‘सायकेडेलिक शॉप’ उघडले. त्याच वर्षी बिल ग्रॅहम ह्यांनी फिलमोर सभागृहात आणि चेट हेल्म्स ह्यांनी अ‍ॅव्हलॉन सभागृहात रॉक संगीताचे नियमित कार्यक्रम सुरू केले. त्या कार्यक्रमांची भित्तिपत्रके हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. वेस विल्सन ह्यांनी व्हिएन्ना येथील आल्फ्रेड रोलर ह्यांच्या अक्षरवळणाचा आधार घेऊन अक्षरे अशी फुगवली व वाकवली, की ती ज्वाळांसारखी दिसावीत आणि सहजासहजी वाचता येऊ नयेत. व्हिक्टर मोस्कोसो हे येल विद्यापीठात योझेफ आल्बर्स ह्यांचे विद्यार्थी होते. परस्परविरोधी रंग सारख्याच तीव्रतेने शेजारी ठेवल्यास त्यांच्या सीमारेषा थरथरल्याचा भास होतो. इतरत्र दोष मानला जाणारा हा परिणाम त्यांनी मुद्दाम साधला. जाहिरात ही चालता चालता वाचता यावी, हा त्या धंद्याचा पहिला नियम. येथे वाचणाऱ्याने थांबावे, डोळे ताणावेत आणि अर्थ लागला म्हणजे आपण ‘आतले’ झालो असे मानावे, अशी योजना होती. परंतु शेवटी ती तिकिटे खपविण्यासाठी केलेली जाहिरातच होती. लोक भिंतींवरून ती उतरवून घरी नेऊ लागले, तेव्हा ती विक्रीसाठी वेगळी छापणे ओघानेच आले. म्हणूनच येथे प्रतिसंस्कृती आणि बाजार ह्यांच्यामधील सीमारेषा काढणे अवघड जाते.

ह्याच वस्तीत ती सीमारेषा काढू पाहणारा एक गट होता. ‘डिगर्स’ हे नाव त्याने सतराव्या शतकातील इंग्लंडमधून घेतले. तेथे १६४९ साली जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्यांचे सहकारी ह्यांनी सामायिक जमीन कसण्याचा प्रयत्न केला होता. सान फ्रान्सिस्कोतील डिगर्स हे बहुतांशी ‘माइम ट्रूप’ ह्या नाटकमंडळीतून आलेले. १९६६ च्या शरदात त्यांनी पार्कालगतच्या हिरव्या पट्ट्यात रोज दुपारी चार वाजता अन्नछत्र सुरू केले. जेवणाऱ्याने प्रथम एका मोठ्या रंगीत चौकटीतून पलीकडे जायचे, एवढीच अट होती. सर्व काही फुकट असलेले ‘दुकान’ही त्यांनी चालविले. वार्ताहरांनी पुढाऱ्याचे नाव विचारले, की ते टाळाटाळ करीत किंवा दुसऱ्याचेच नाव सांगत. ज्याला नाव नाही आणि किंमत नाही, अशी वस्तू वृत्तपत्राला छापणे आणि दुकानदाराला विकणे तितकेच कठीण, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांना शह मिळाला तो १९६७ मध्ये. १४ जानेवारीला गोल्डन गेट पार्कमध्ये ‘ह्यूमन बी-इन’ हा हजारोंचा मेळावा भरला. भारतात १९६२-६३ मध्ये वास्तव्य करून गेलेले कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग ह्यांनी तेथे मंत्रपठण केले. मे महिन्यात जॉन फिलिप्स ह्यांनी रचलेले व स्कॉट मॅकेन्झी ह्यांनी गायिलेले सान फ्रान्सिस्कोविषयीचे गीत प्रसिद्ध झाले. माँटेरे येथील संगीतमहोत्सवाच्या प्रचारासाठी ते लॉस एंजेलिसमध्ये तयार झाले होते. हेट-अ‍ॅशबरीचे सर्वांत प्रसिद्ध गीत हेट-अ‍ॅशबरीत जन्मलेच नाही. जुलैमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने हिप्पींना मुखपृष्ठावर स्थान दिले. त्या उन्हाळ्यात पाऊण लाख ते एक लाख तरुण तेथे येऊन गेल्याचा अंदाज केला जातो. अन्न अपुरे पडू लागले, मादक द्रव्यांचे व रोगांचे प्रमाण वाढले. पर्यटकांच्या गाड्या वस्तीतून फिरू लागल्या, तेव्हा रहिवाशांनी त्यांच्या खिडक्यांसमोर आरसे धरले. अखेर ६ ऑक्टोबरला खुद्द हेट-अ‍ॅशबरीकरांनीच शवपेटी मिरवून ‘हिप्पी’ची प्रेतयात्रा काढली. मृत हा प्रसिद्धिमाध्यमांचा पुत्र होता, असा निर्देश त्या वेळच्या पत्रकात होता.

वस्ती ओसरली; तिची चिन्हे मात्र वाटेला लागली होती. ‘हेअर’ ही संगीतिका त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये आली आणि १९६८ पासून ब्रॉडवेवर तिचे १,७५० प्रयोग झाले. ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉक महोत्सवात तिकिटांची व्यवस्था कोलमडून आयोजक कर्जात बुडाले. १९७० च्या चित्रपटामुळे तोच महोत्सव कोट्यवधींनी पाहिला. १९७१ मध्ये कोकाकोलाच्या जाहिरातीत इटलीतील टेकडीवर देशोदेशीचे तरुण एका सुरात गाऊ लागले. केस, मणी, अक्षरवळण, सुरावट ह्या वस्तू मूळ जागेपासून सुटून कोठेही जाऊ शकत होत्या. रोज चार वाजता शेकडोंसाठी रांधणारे हात तसे सुटण्यासारखे नव्हते.

ह्या विधानाला अपवाद आहेत, ते दडपून चालणार नाही. जून १९६७ मध्ये डॉ. डेव्हिड स्मिथ ह्यांनी तेथे उघडलेल्या मोफत दवाखान्याचे अनुकरण अमेरिकेत अनेक शहरांनी केले. डिगर्स कॉफीच्या रिकाम्या डब्यांत गव्हाच्या सकस पिठाचा पाव भाजून वाटीत. तशा पावाची आवड अमेरिकन घरांत कायमची रुजली, परंतु तो दुकानातून, किंमत देऊन येऊ लागला. फुकट वाटण्याची रीत मागे राहिली.

भारताच्या दृष्टीने ह्याचे स्पष्ट उदाहरण सतारीचे आहे. पंडित रविशंकर जून १९६७ मध्ये माँटेरेला आणि १९६९ मध्ये वुडस्टॉकला वाजवून आले. सतारीचा झंकार पॉप संगीताने चटकन उचलला. त्यामागील गुरुमुखी शिक्षण व अनेक वर्षांचा रियाझ उचलण्याजोगा नव्हता. श्रोत्यांमधील मादक द्रव्यांच्या सेवनाबद्दल रविशंकरांनी उघड नापसंती व्यक्त केली. देव आनंद ह्यांनी १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ ह्या चित्रपटात काठमांडूतील हिप्पी जीवनाचे दुष्परिणाम दाखविले. पण राहुलदेव बर्मन ह्यांच्या संगीतात आशा भोसले ह्यांनी गायिलेल्या ‘दम मारो दम’ने प्रेक्षकांच्या मनात त्या उपदेशावर मात केली. महाराष्ट्रात लांब केस राखणाऱ्या कोणत्याही मुलाला वडीलधारी माणसे ‘हिप्पी’ म्हणू लागली, मग त्याने हिप्पी कधी पाहिलेला असो वा नसो.

गोव्यातील हणजूण येथे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी दिसले. ‘एट फिंगर एडी’ ह्या नावाने ओळखले जाणारे अमेरिकन यर्टवर्ड मझमानियन ह्यांनी तेथे पाहुण्यांसाठी फुकट जेवण चालविले. परतीच्या प्रवासासाठी हिप्पी आपले सामान विकीत, त्या देवघेवीतून वाढलेल्या बाजाराच्या उभारणीचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. मझमानियन २०१० मध्ये गोव्यातच वारले. ते जेवण केव्हाच बंद पडले आहे. पर्यटनाच्या हंगामात दर बुधवारी बाजार मात्र भरतो.