सवयींची घडण – लेखांक ५ : वाजत राहिलेला टाळ

मागच्या आठवड्यात आपण हेन्री मोलायसनची गोष्ट पाहिली. १९५३ सालच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या मनात नव्या आठवणी टिकेनात. तरी आरशात बघून चांदणी गिरवायचं काम त्याचा हात रोज थोडं अधिक सफाईने करू लागला. कालचा सराव हाताला आठवे, हेन्रीला नाही. आता पुढचा प्रश्न : असे पुष्कळ हात एकत्र येतात, तेव्हा सगळ्यांची मिळून एक सवय कशी घडते?

मायकेल कोहेन आणि पॉल बॅकडायन या अभ्यासकांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात दोन-दोन माणसांनी पत्त्यांचा एक खेळ खेळायचा होता, पण एकमेकांशी न बोलता. डावामागून डाव झाले तशा जोड्यांच्या चाली ठरून गेल्या आणि खेळाचा वेग वाढला. मात्र जवळची वाट समोर असतानाही जोडी कधी कधी जुन्याच वाटेने जाई. सामूहिक सवयीचे दोन्ही गुण यात दिसतात : ती काम हलकं करते, आणि डोळ्यांवर झापडही बांधते.

हे मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर आळंदीहून पंढरीला निघालेल्या माउलींच्या पालखीबरोबर चालावं. या सोहळ्याची शिस्त १९व्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली. आज रथापुढे २७ दिंड्या चालतात, मागे त्याहून कितीतरी अधिक, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, कोणत्या वेळी कोणते अभंग, सारं ठरलेलं. नव्या वारकऱ्याच्या हाती कुणी नियमांचं पुस्तक देत नाही. तो जुन्या टाळकऱ्याशेजारी उभा राहतो. दोन दिवस पाऊल चुकतं, तिसऱ्या दिवशी जुळतं. संपूर्ण वारी एकट्याच्या डोक्यात मावणारी नाही. प्रत्येकाला आपलं काम येतं आणि पुढच्या खुणेसाठी कुणाकडे बघायचं ते कळतं. रिचर्ड नेल्सन आणि सिडनी विंटर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडलं, की संस्थेची स्मृती तिच्या रोजच्या कामाच्या पद्धतीत साठलेली असते. इथे ती आपल्या डोळ्यांसमोर चालताना दिसते.

पण मग झापडांचं काय? त्याचं उत्तर मुक्कामावर, समाजआरतीच्या वेळी मिळतं. सगळ्या दिंड्या तळावर जमतात, टाळ-मृदंगाचा एकच गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. अशा वेळी एखाद्या दिंडीचा टाळ वाजतच राहिला, तर त्या दिंडीची काही तक्रार आहे असं समजायचं. चोपदार तिथे जातो, म्हणणं ऐकून घेतो, आणि मगच आरती पुढे सरकते.

मला ही वारीची सर्वांत शहाणी सवय वाटते. तक्रार करणाऱ्याला शिस्त मोडावी लागत नाही, कारण तक्रारीची जागा शिस्तीतच राखलेली आहे. आणि ती रोज राखली जाते, म्हणून ती वापरताना कुणी बिचकत नाही. आपल्या घरी, शाळेत, कचेरीत वर्षानुवर्षं चालत आलेल्या पद्धती एकदा याच नजरेने तपासाव्यात : दंड उंचावल्यावर आपला टाळ वाजत ठेवायची सोय इथे कुणाला आहे का?

पुढच्या आठवड्यात : घट्ट बसलेली सामूहिक सवय सोडवायची कशी?