इराण्याची खुर्ची
मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीचा मूळ नमुना म्हणजे व्हिएन्नातील कारखानदार मिखाएल थोनेट यांची १८५९ मधली १४ क्रमांकाची खुर्ची. लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवले जाई. सुटे भाग सहाच, जोडायला दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, त्यामुळे जहाजाचे भाडे परवडे. वेताची बैठक हवेशीर. सांधा ढिला झाला तर स्क्रू आवळला की झाले. गादीच्या खुर्चीला ही सोय नाही, आणि सांडलेला चहा ती पिऊनच टाकते. जोडीचे संगमरवरी टेबल झटकन पुसले जाते, मात्र लिंबाचा डाग त्यावर कायमचा उठतो. उंचीचे गणित आजही तेच: टेबल साधारण ७५ सेंटिमीटर, बैठक ४५.