शटर ओढण्यापूर्वी

पुण्याच्या रविवार पेठेत अजूनही अशी काही घरे आहेत, ज्यांच्या तळमजल्यावर दुकान, मागच्या चौकात गोदाम आणि वरच्या दोन मजल्यांवर संसार असतो. अशाच एका घरात चार वर्षांपूर्वी मिनी आली. भर पावसाळ्यात पोत्यांच्या थप्पीआड सापडलेले ते पिलू थोरल्या नातीने ओढणीत गुंडाळून वर नेले आणि त्यानंतर मिनीने जिन्याखाली कधी पाऊल टाकले नाही. गॅलरीतील जाळी, स्वयंपाकघरातील खिडकी आणि दादीजींच्या सामायिकाच्या आसनाशेजारची जागा, एवढेच तिचे जग होते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हे जग मोडले. दुकानात चोपडापूजन चालू होते. नव्या वह्यांवर स्वस्तिक आणि ‘श्री’ रेखाटून झाले होते, प्रसादाची ताटे वरखाली होत होती आणि जिन्याचे दार लावून घेण्याचे भान कोणालाच राहिले नव्हते. गल्लीत कोणीतरी फटाक्यांची माळ पेटवली. माळेचा आवाज थांबला तेव्हा मिनी घरात नव्हती.

दोन दिवसांची धावपळ

घरच्यांनी त्या रात्री जे केले ते कोणतेही मायाळू कुटुंब करील तेच होते. पण त्यातील बरेचसे निरुपयोगी होते. मुलांनी दुचाक्या काढल्या आणि लक्ष्मी रस्ता, बोहरी आळी, मंडई असे सारे भाग पालथे घातले. सगळे मोठमोठ्याने तिच्या नावाने हाका मारत होते. जिन्यात दुधाच्या वाट्या ठेवल्या गेल्या. मिनीचे छायाचित्र मोबाईलवरील समाजाच्या सर्व समूहांवर गेले आणि उत्तरांचा पाऊस पडला. कोणी तिला कसब्यात पाहिले, कोणी नदीकाठी. प्रत्येक निरोपामागे दुचाकी धावली आणि प्रत्येक ठिकाणी दुसरेच मांजर निघाले. पाडव्याचा संपूर्ण दिवस असा गेला.

मांजर हरवले की माणूस ते लांब गेले असे गृहीत धरतो, कारण आपण स्वतः घाबरलो की लांब पळतो. घरातच वाढलेल्या मांजराची रीत याच्या उलट असते. अनोळखी जागी ते पहिला आडोसा गाठते आणि तेथेच अंग चोरून बसते. त्या अवस्थेत ते ओरडत नाही, कारण आवाज केला तर शत्रूला ठावठिकाणा कळेल ही त्याची उपजत समजूत असते. धन्याची हाक दोन हातांवरून आली तरी ते पुष्कळदा ओ देत नाही. मौन हेच त्याचे संरक्षण असते.

‘अॅनिमल्स’ या संशोधनपत्रिकेत २०१८ साली हरवलेल्या १,२१० मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे एकतृतीयांश मांजरे पहिल्या सात दिवसांत मिळाली आणि वर्षभरात मिळालेल्यांचे प्रमाण ६१ टक्के होते. मिळालेल्यांपैकी ७५ टक्के मांजरे निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. जी कधीच बाहेर फिरत नसत, त्यांच्या बाबतीत तर हे अंतर फारच थोडे निघाले. त्यांतील निम्मी सुमारे ३९ मीटरच्या आतच सापडली. चौकस स्वभावाची मांजरे दुसऱ्याच्या घरात सापडण्याचा संभव अधिक असतो, असेही त्यात आढळले. सर्वांत उपयोगी ठरला तो प्रत्यक्ष शोध, म्हणजे आपल्या पायांनी जाऊन आपल्या डोळ्यांनी पाहणे.

रोजमेळाचे चार रकाने

या घराची धाकटी सून लग्नापूर्वी एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम करीत असे. भाऊबीजेच्या सकाळी तिने दुचाक्या थांबवल्या. जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानावर तिने चार रकाने आखले: दार, मालक, विचारले, पाहिले. जिन्यापासून शंभर पावलांच्या आत येणारी सर्व दारे, शटरे, बोळ आणि माळे मोजले, ते एकतीस भरले.

दुपारपर्यंत ‘विचारले’ या रकान्यात एकतीसच्या एकतीस खुणा झाल्या. ‘पाहिले’ या रकान्यात मात्र नऊच होत्या. “नाही हो, आमच्याकडे कशाला येईल?” हे उत्तर बावीस जणांनी उंबरठ्यावरूनच दिले होते. कोणी खोटे बोलले नव्हते. पण कोणी आत वळूनही पाहिले नव्हते.

हा फरक व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. मालतारणावर कर्ज देणारी बँक मालाच्या मासिक पत्रकावर विसंबून राहत नाही. तिचा अधिकारी गोदामात येतो, थप्प्या मोजतो, मागच्या रांगेपर्यंत जातो आणि मगच सही करतो. पत्रक प्रामाणिक असले तरी ते मोजणीची जागा घेऊ शकत नाही. सुनेने तोच नियम लावला आणि शोध नव्याने सुरू केला. या वेळी ती स्वतः आत जाण्याची परवानगी मागत होती. पलंगाखाली, कपाटामागे, माळ्यावर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला आणि जिन्याखालच्या अडगळीत तिने विजेरी टाकून पाहिले. सणाच्या पाहुण्यांतून वाट काढत तिला दारोदार जावे लागले. कोणाला राग आला, कोणी हसले, पण बहुतेकांनी दार उघडले.

संध्याकाळी सत्तावीस जागा पाहून झाल्या होत्या. उरलेल्या चारही जागा पूजेनंतर कुलूप लागलेल्या होत्या. त्यांची शटरे लाभपंचमीलाच वर जाणार होती.

रात्रीची चाहूल

फटाके थंडावल्यावर, रात्री दोनच्या सुमारास, सून आणि सासरे दोघेच खाली उतरले. ही वेळ विचारपूर्वक निवडलेली होती. घाबरलेले मांजर हालचाल करते ते गल्ली निजल्यावरच. शिवाय अंधारात डोळ्यांच्या रेषेत धरलेल्या विजेरीचा झोत मांजराच्या डोळ्यांवर पडला की ते हिरवट-पिवळे चमकतात. दिवसा नजरेतून निसटलेले मांजर रात्री अशा झोतात दिसते. दोघांनी हाका मारल्या नाहीत. प्रत्येक शटरापाशी ते दहा मिनिटे निमूट बसले आणि मग मिनीच्या खाण्याचा डबा हळूच हलवला. मांजराला माणसाच्या कानांपलीकडचे पुष्कळ सूक्ष्म ध्वनी ऐकू येतात. ओळखीच्या डब्याचा आवाज बंद पत्र्याआडूनही त्याच्यापर्यंत पोहोचतो.

तिसरे शटर सुक्या खोबऱ्याच्या गोदामाचे होते. घराच्या जिन्यापासून ते चाळीस पावलेही दूर नसेल. डबा दुसऱ्यांदा हलवला तेव्हा आतून पत्र्यावर नख ओढल्यासारखा आवाज आला आणि मागोमाग एक अगदी क्षीण स्वर. सुनेने तो ओळखला.

उलगडा सोपा होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हे शटरही वर होते, आत समई तेवत होती आणि सारी माणसे पुढच्या गादीपाशी होती. फटाक्याने बिथरलेला जीव मागून आत शिरला, थप्पीवर चढला आणि तासाभराने शटर खाली आले.

मुहूर्ताचा प्रश्न

गोदामाचे मालक सहकुटुंब राजस्थानातील मूळ गावी गेले होते आणि किल्ली हडपसरला राहणाऱ्या मुनीमजींकडे होती. पहाटे फोन लागला. मालक सज्जन गृहस्थ. परंतु ते घुटमळले. पूजेनंतर लावलेले कुलूप लाभपंचमीच्या मुहूर्तालाच उघडायचे, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत होती. “दोनच तर दिवस उरलेत. तोवर शटराखालून पाणी सरकवता येणार नाही का?” त्यांनी विचारले. शटराखाली बोटभरही फट नव्हती.

तेव्हा दादीजींनी फोन हातात घेतला. चौदस आणि अमावस्या असा बेला करून त्यांनी पाडव्याला पारणे केले होते. दिवाळी म्हणजे भगवान महावीरांचे निर्वाणकल्याणक; भगवंतांनीही अखेरचे दोन दिवस उपवासात काढले, म्हणून अनेक घरांत हा बेला होतो. “बेटा,” त्या म्हणाल्या, “मी दोन दिवस उपाशी होते, पण पारणे कधी करायचे ते माझ्या हातात होते. तिच्या हातात काय आहे?”

पलीकडे काही क्षण शांतता होती. मग उत्तर आले, “दादीजी, मुनीमजींना आत्ताच पाठवतो. मुहूर्ताचे मी पाहीन.”

साडेसातला मुनीमजी रिक्षातून उतरले. शटर अर्धे वर गेले, तरी मिनी धावत आली नाही. ती भिंत आणि पोत्यांच्या मधल्या सांदीत दडून होती आणि माणसे पाहून आणखी मागे सरली. सुनेने सर्वांना बाहेर काढले, शटर पुन्हा जवळजवळ खाली घेतले आणि जमिनीवर बसून राहिली. वीस मिनिटांनी मिनी तिच्या मांडीपाशी आली. जुन्या टॉवेलात गुंडाळून, झाकणाच्या टोपलीत घालून तिला थेट पशुवैद्यांकडे नेले.

साठ तासांच्या कोंडीने तिच्या अंगातील पाणी कमी झाले होते. डॉक्टरांनी त्वचेखालून सलाईन दिले आणि खाणे थोडे थोडे, अनेक वेळा विभागून देण्यास सांगितले. मांजर काही दिवस पूर्ण उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून जीवघेणा आजार होऊ शकतो. म्हणून ते चालूफिरू लागले तरी तपासणी टाळू नये. घरच्यांनी प्रेमाने पुढे केलेली दुधाची वाटीही त्यांनी बाजूला ठेवायला लावली. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही आणि जुलाबाने उरलेसुरले पाणीही जाते. लाभपंचमीला खाली मुहूर्ताचे सौदे चालू होते, तेव्हा मिनी पुन्हा सामायिकाच्या आसनाशेजारी झोपली होती.

तप आणि निरोध

जैन घरात मांजर असावे की नाही, याविषयी समाजात दोन मते आहेत आणि शंका घेणाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. मांजर स्वभावतः मांसाहारी आहे. त्याच्या देहाला लागणारे टॉरिन हे द्रव्य निसर्गात त्याला मांसातूनच मिळते. आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळावयाच्या व्यवसायांत धनासाठी प्राणी पोसण्याचा समावेश केला आहे आणि त्यांत मांजराचाही उल्लेख आहे. मात्र तेथे निषेध आहे तो धनासाठी पोसण्याचा. पोत्यांआड भिजत पडलेल्या पिलाला आसरा देणे ही वेगळी गोष्ट आहे. मांजर मुद्दाम आणावे की नाही, यावर प्रत्येक घराने आपल्या गुरूंचे मार्गदर्शन घ्यावे. पण आश्रयाला आलेल्या जिवाची जबाबदारी एकदा पत्करल्यावर ती अर्धवट सोडता येत नाही.

या घटनेतून निघणारा अधिक मोठा प्रश्न मांजर न पाळणाऱ्यांसाठी आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’त अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील पहिला बंध, म्हणजे जिवाला कोंडणे वा बांधणे. आणि शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे त्याचे अन्नपाणी अडवणे. खोबऱ्याच्या गोदामात हे दोन्ही एकाच वेळी घडले आणि तेही अशा गृहस्थाच्या हातून, जो मुंगीवरही पाय पडू देणार नाही. त्याच्या मनात द्वेष नव्हता. उणीव होती ती सावधानतेची. हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, असे आपली शास्त्रे सांगतात, ते अशाच प्रसंगांसाठी. स्वेच्छेने सोडलेले अन्न तप होते. दुसऱ्यावर दार बंद करून घडवलेला उपवास तप होत नाही, तो निरोध होतो.

आपल्या समाजाची दुकाने, वखारी आणि गोदामे मोठ्या संख्येने आहेत. सण, लग्नसराई, तीर्थयात्रा, उन्हाळी सुट्टी अशा निमित्तांनी ती दिवसेंदिवस बंद राहतात. म्हणून काही साध्या गोष्टी अंगवळणी पडाव्यात. शटर ओढण्यापूर्वी दिवा लावून मागच्या रांगेपर्यंत एक फेरी मारावी आणि दोन मिनिटे शांत उभे राहावे. बंद शटरावर एक चालू दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा आणि दुसरी किल्ली गावातच विश्वासू माणसाकडे असावी. शेजारी मांजर हरवल्याचे कळले तर उंबरठ्यावरून उत्तर न देता आत जाऊन पाहावे. आतून आवाज येत असेल आणि मालक सापडत नसेल, तर अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर कळवावे.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी फटाक्यांच्या दिवसांत संध्याकाळपूर्वीच त्याला आतल्या खोलीत ठेवावे आणि पाणी, खाणे व मातीचा ट्रे तेथेच द्यावा. तरीही ते निसटले तर लांब धावू नये. ज्या दाराने ते गेले ते दार रात्री किलकिले ठेवावे, त्याचे अंथरूण तेथे ठेवावे आणि शंभर पावलांचा शोध पूर्ण झाल्याखेरीज एकशे एकाव्या पावलाकडे वळू नये.

त्या रोजमेळाच्या पानावर तिसऱ्या शटरापुढे आता कार्तिक शुद्ध तृतीयेची खूण आहे. खोबऱ्याच्या गोदामात मुनीमजी रोज संध्याकाळी कुलूप हातात घेऊन मागच्या भिंतीपर्यंत जातात, थप्पीवर विजेरी फिरवतात, जरा थांबतात आणि मगच शटर खाली ओढतात.