होडीचा वेग आणि इंधनाचा हिशेब

खाडीत फेऱ्या मारणारी यांत्रिक होडी तुम्ही पाहिली असेल. तिचा वेग दुप्पट करायचा तर इंधन किती जास्त लागेल? ‘दुप्पट’ असे उत्तर चटकन सुचते. पण ते बरोबर नाही. आणि पाण्यावर हा हिशेब चुकला तर तो महागात पडतो. टाकी रिकामी झाली की मोटारगाडीप्रमाणे होडी कडेला उभी करता येत नाही; वारा व प्रवाह नेतील तिकडे ती जाते.

प्रथम पाण्याचा रोध पाहू. वेग बेताचा असतो तेव्हा रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर रोध चौपट. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर; म्हणून दर किलोमीटरला लागणारे इंधनही सुमारे चौपट होते. शिवाय एका तासात अंतर दुप्पट कापले जाते. म्हणजे दर तासाचे इंधन आठपट! उलट, वेग दहा टक्के कमी केला तर ०.९ × ०.९ = ०.८१, म्हणजे तेवढ्याच अंतराला सुमारे १९ टक्के इंधन वाचते. वेळ मात्र ११ टक्केच जास्त लागतो.

आता लाटांचा विचार करू. विल्यम फ्रूड (१८१०–१८७९) या इंग्रज अभियंत्याने हौदात नौकांच्या प्रतिकृती ओढून याचा अभ्यास केला. होडीबरोबर चालणाऱ्या लाटांची लांबी वेगाबरोबर वाढत जाते. ती होडीच्या पाण्यातील लांबीएवढी झाली, की लाटेचा एक माथा पुढच्या टोकाशी व दुसरा मागच्या टोकाशी येतो. वेग याहून वाढवला तर मागचे टोक खळग्यात बसते आणि होडी जणू स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते! हा मर्यादावेग दर सेकंदाला १.२५ × √लांबी इतके मीटर असतो. ९ मीटर लांबीच्या होडीसाठी तो ३.७५ मीटर, म्हणजे ताशी १३.५ किलोमीटर येतो. त्यापुढे इंधन भरमसाट जळते. वेग जेमतेम वाढतो. हलकी, सपाट तळाची होडी जोरकस इंजिनाने हा चढ पार करून पाण्यावरून घसरत जाऊ शकते. जड होडीला ते साधत नाही.

मग अगदी सावकाश जावे का? तेही नाही. समजा, ओहोटीचे पाणी ताशी ४ किलोमीटर वेगाने समोरून येत आहे. दर तासाचे इंधन वेगाच्या घनाच्या प्रमाणात धरून त्याला प्रत्यक्ष कापलेल्या अंतराने भागा:

वेग ५ : १२५ ÷ १ = १२५
वेग ६ : २१६ ÷ २ = १०८
वेग ८ : ५१२ ÷ ४ = १२८

सर्वांत कमी खर्च ताशी ६ किलोमीटरला, म्हणजे प्रवाहाच्या दीडपट वेगाला येतो. कलनशास्त्र शिकलेल्यांनी हे सिद्ध करून पाहावे. भरती सुरू होईपर्यंत थांबता आले तर याहून उत्तम!

हिशेब कितीही चोख असला तरी वारा तो बिघडवू शकतो. म्हणून सावध नावाडी एकतृतीयांश इंधन जाण्यासाठी, एकतृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेले अडीअडचणीसाठी राखतात.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. संथ, खोल पाण्यात चाललेल्या होडीच्या लांबीत दोन पूर्ण लाटा मावलेल्या दिसल्या, तर तिचा वेग मर्यादावेगाच्या किती टक्के असेल? उत्तर वरच्या सूत्रातच दडलेले आहे.