कोणत्या रुपयावर कर, कोणत्यावर नाही?



"आपण शेतकरी, आपल्याला इन्कमटॅक्सचे काय?" हे वाक्य बुलडाणा जिल्ह्यात कोणत्याही पारावर ऐकायला मिळते. त्यात निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे न समजल्यामुळे मात्र कित्येक घरांचे हक्काचे पैसे व्याजातून कापले जातात आणि परत मागायचे राहून जातात. एक गोष्ट मनात पक्की करा. आयकराचा कायदा सात-बारावर कोणाचे नाव आहे एवढेच पाहून थांबत नाही. घरात आलेला रुपया कोठून आला, हे तो पाहतो.

शेतीच्या उत्पन्नाची सूट जुनी आहे. ती १८८६ च्या कायद्यात होती, १९६१ च्या कायद्यात टिकली आणि १ एप्रिल २०२६ या तारखेपासून लागू ठरलेल्या नव्या कायद्यातही कायम आहे. पण शेतीचे उत्पन्न म्हणजे काय, ते नीट समजून घ्या.

आपल्या शेतातील कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, संत्री विकून आलेला पैसा शेतीचाच. माल विकण्याजोगा करण्यासाठी केलेली मळणी, चाळणी, वाळवण हीदेखील शेतीतच धरली जाते. जमीन पिकासाठी बटाईने किंवा मक्त्याने दिली, तर तो मक्ताही शेतीचाच. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्नही त्यातच येते.

याउलट दुधाचा धंदा, कोंबड्या, शेळ्या, रेशीम कोष, ट्रॅक्टर व मळणीयंत्राचे भाडे, शेतातील मोबाईल टॉवरचे भाडे हे शेतीचे उत्पन्न नव्हे. दुसऱ्याची उभी बाग विकत घेऊन फळे विकली, तर तो व्यापार झाला. कापूस विकला तर शेती. पण स्वतःच्या जिनिंगमध्ये रुई काढून विकली, तर कापसाच्या बाजारभावापुरते शेतीचे आणि वरचा नफा धंद्याचा.

आता कर किती? आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. बिगरशेती निव्वळ उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर ६०,००० रुपयांपर्यंत करात सवलत मिळते. म्हणून बहुतेक शेतकरी घरांना प्रत्यक्ष कर लागत नाही. मात्र बिगरशेती उत्पन्न ४ लाखांवर गेले, की कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावे लागते.

ज्यांची शेतीही आहे आणि धंदा किंवा नोकरीही आहे, त्यांनी १९७३ पासून चालत आलेला एक नियम लक्षात ठेवावा. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त आणि बिगरशेती उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर दर ठरवण्यापुरती दोन्हींची बेरीज होते. समजा, कृषी सेवा केंद्राचा नफा १४ लाख आणि शेतीचे उत्पन्न ४ लाख. १८ लाखांवर कर येतो १,६०,०००. त्यातून शेतीचे ४ आणि करमुक्त ४ अशा ८ लाखांवरचा कर, म्हणजे २०,००० वजा करा. उरले १,४०,०००. शेती नसती तर हाच कर ९०,००० आला असता. (उपकर वेगळा.) शेतीवर थेट कर नाही, पण तिच्यामुळे धंद्याचा दर चढतो. ती लपवू नका आणि फुगवूनही सांगू नका. हिशेबपट्टीशी न जुळणारा शेतीचा आकडा पुढे अडचणीत आणतो.

लहान दुकानदारांसाठी एक सोय आहे. वर्षाची उलाढाल २ कोटींच्या आत असेल, तर रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते. मग मोठी खातेवही ठेवावी लागत नाही. अडत-दलालीच्या धंद्याला ही सोय नाही.

आता सर्वांत जास्त नुकसान कोठे होते, ते पहा. समृद्धी महामार्गासाठी मेहकर, सिंदखेड राजा भागातील जमिनी गेल्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मिळालेल्या मोबदल्यावर आयकर नाही. पण त्या पैशाची मुदत ठेव केली, की तिचे व्याज करपात्र होते. १२ लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी ८४,००० रुपये व्याज येते. वर्षाला व्याज ५०,००० रुपयांवर गेले, की बँक १० टक्के, म्हणजे ८,४०० रुपये कापते. साठ वर्षांवरील ठेवीदारांसाठी ही मर्यादा १ लाख आहे. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के, म्हणजे १६,८०० जातात आणि ते आपल्या नावावर जमाही दिसत नाहीत. म्हणून पॅन द्या. कर लागणारच नसेल, तर एप्रिलमध्येच बँकेत तसे घोषणापत्र भरता येईल का, ते विचारा. तरीही कापले गेलेच, तर विवरणपत्र भरून परत मागा.

विवरणपत्र भरले की पीएम-किसानचे पैसे बंद होतात, अशी भीती अनेकांना वाटते. योजनेचा नियम मागील वर्षी आयकर भरलेल्यांना वगळतो. शून्य कराचे विवरणपत्र भरणे म्हणजे कर भरणे नव्हे. या भीतीपायी आपले पैसे सोडू नका.

जमीन विकतानाही जागा पहा. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकाही नगरपरिषदेची लोकसंख्या १ लाखावर नव्हती. त्यामुळे दहा हजारांवरील वस्तीच्या नगरपरिषदेची हद्द आणि तिच्यापासून सरळ रेषेत २ किलोमीटरचा पट्टा सोडून असलेली शेतजमीन ग्रामीण ठरते. तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर नाही. पट्ट्यातील जमीन असेल आणि आधीची दोन वर्षे ती आपण किंवा आईवडिलांनी कसलेली असेल, तर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतल्यास त्या खर्चापुरती सूट मिळते. इसार घेण्यापूर्वीच जाणत्या कर सल्लागाराला विचारा.

मालाचे पैसे एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा अधिक रोख घेऊ नका. तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो.

शेवटी काम सोपे आहे. शंभर पानी वहीत तीन रकाने आखा: शेती, जोडधंदा, व्याज-भाडे. प्रत्येक रकान्यात जमा व खर्च त्याच दिवशी लिहा. भगिनींनो, दुधाची वही बहुतेक घरांत आपणच ठेवता. तिच्याच शेजारी ही ठेवा. बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, बियाणे-खतांची बिले आणि सात-बारा एका पिशवीत जपा. विवरणपत्राचे दिवस पेरणी-निंदणीच्या धांदलीत येतात, तेव्हा उन्हाळ्यातच कागद लावून ठेवलेले बरे.