हरवलेले हस्तलिखित आणि बदनाम राजा

आपल्यापैकी अनेकांनी शिवाजी सावंतांची ‘छावा’ (१९७९) वाचली असेल. बखरींनी आणि नाटकांनी बदनाम केलेल्या संभाजीराजांचे चरित्र वा. सी. बेंद्रे यांनी १९६० साली साधार लिहिले आणि सावंतांनी ते कादंबरीतून घराघरांत नेले. इंग्लंडातही असाच एक बदनाम राजा होऊन गेला. त्याची बाजू घेऊन कादंबरी लिहिली ती मात्र एका अमेरिकन लेखिकेने.

शॅरन के पेनमन यांचा जन्म १९४५ साली न्यूयॉर्क येथे झाला. इतिहास आणि कायदा शिकून त्यांनी काही काळ करविषयक वकिली केली. विद्यार्थिदशेतच तिसरा रिचर्ड या राजाने त्यांना झपाटले होते. १४८५ साली बॉसवर्थच्या रणांगणावर तो मारला गेला, तेव्हा तो अवघा ३२ वर्षांचा होता. गादी ट्यूडर घराण्याकडे गेली आणि इतिहासही त्यांच्याच आश्रयाने लिहिला गेला. शेक्सपिअरने तर त्याला कुबडा, पुतण्यांचा खुनी असा खलनायकच केला. ते दोन राजपुत्र १४८३ मध्ये लंडनच्या किल्ल्यातून नाहीसे झाले हे खरे. पण त्यांचे काय झाले, हे आजही सिद्ध झालेले नाही. आरोपी हयात नाही आणि साक्षीदार सारे विरुद्ध पक्षाचे! असा खटला वकिलीण बाईंना सोडवेना, यात नवल नाही.

चारशेहून अधिक पाने लिहून झाली आणि एके दिवशी ते हस्तलिखित त्यांच्या मोटारीतून चोरीला गेले. दुसरी प्रत नव्हती. घरोघरी संगणक असण्याचा तो काळ नव्हे. पुढे सुमारे पाच वर्षे त्यांच्या हातून लिखाण झाले नाही. मग एकदा त्या बसल्या आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. ‘द सन इन स्प्लेंडर’ ही नऊशेहून अधिक पानांची कादंबरी १९८२ साली प्रसिद्ध झाली.

२०१२ साली लेस्टर शहरात मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. कणा वाकडा होता खरा, पण शेक्सपिअरने वर्णिलेला वाळलेला हात नव्हता. २०१५ मध्ये राजाचे सन्मानाने दफन झाले. हे सारे पाहायला पेनमनबाई हयात होत्या.

वेल्सचे राजपुत्र, दुसरा हेन्री, राणी एलिनॉर, सिंहहृदयी रिचर्ड यांच्यावरही त्यांनी मोठमोठ्या कादंबऱ्या लिहिल्या. २२ जानेवारी २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

कादंबरीच्या शेवटी टीप जोडून खरे किती आणि कल्पिलेले किती, हे वाचकाला सांगण्याचा त्यांचा परिपाठ होता. (आपल्याकडच्या काही कादंबरीकारांनी हा घ्यावा, असे राहून राहून वाटते.) पहिल्या कादंबरीत त्यांनी एक करडी खार आणली होती. पंधराव्या शतकातल्या इंग्लंडात खारी होत्या त्या फक्त तांबड्या. करड्या खारी अमेरिकेतून तेथे आल्या एकोणिसाव्या शतकात. ही चूक त्या पुढे स्वतःच हसत हसत सांगत असत.